खिंडीत आधी कोण

नऊ वर्षांपूर्वी सान गास्पार आणि सांता इनेस यांची भेट झाली नाही, कारण दोघेही वेळेवर पोहोचले होते.

सान गास्पार आमचा, म्हणजे गुआरासिकाचा. सांता इनेस पलीकडच्या यामालुआची. मधे डोंगराची धार आहे. धारेवर पडलेल्या पावसाचे आमच्या बाजूचे पाणी लेम्पा नदीला मिळून एका महासागराला जाते, त्यांच्या बाजूचे उलुआला मिळून दुसऱ्या समुद्राला. आमच्याकडे बटाटा, पाइनची झाडे आणि दात वाजवणारी थंडी. त्यांच्याकडे कॉफी, केळी आणि, आमच्या म्हाताऱ्यांच्या मते, आळस.

फार पूर्वी दोन्ही मिळून एकच गाव होते. मग भूकंप झाला, चर्चचा घुमट कोसळला, आणि अर्धी माणसे वरच्या पठारावर चढली तर अर्धी धार ओलांडून पलीकडच्या उतारावर गेली. पठारावर चढले ते आमचे पूर्वज. यामालुआचे लोक म्हणतात, ते घाबरून चढले. आम्ही म्हणतो, मूर्ती वाचवायला चढले. मूळ गाव कोणते आणि फुटून निघालेले कोणते, यावर पुढच्या कित्येक पिढ्या जंगलासाठी आणि कुरणासाठी कोयत्यांनी भांडल्या. शेवटी दोन्हीकडची माणसे थकली आणि तह झाला. दर जानेवारीत दोन्ही संतांनी खिंडीत यायचे, एकमेकांना वाकून नमस्कार करायचा, मग सान गास्पारने आठ दिवस यामालुआत पाहुणा राहायचे आणि परत येताना सांता इनेसला आमच्याकडे पाहुणी आणायचे. या भेटीला आम्ही गुआंकास्को म्हणतो. लेंका लोकांच्या या डोंगरात ती बऱ्याच गावांमध्ये होते.

तहाबरोबर एक नियमही आला. तो कोणी ठरवला नाही, पण मोडला मात्र कोणीच नाही. खिंडीत जो आधी येतो आणि उभा राहतो तो गरजवंत. त्यामुळे दोन्ही गावे आपापल्या बाजूच्या शेवटच्या वळणाआड थांबत. टेहळे एकमेकांना पाहत, दोन्हीकडून एकदम आकाशबाण सुटत, ढोल वाजत आणि दोन्ही पालख्या एकाच वेळी बाहेर येत.

नऊ वर्षांपूर्वी धुके उतरले. टेहळ्यांना स्वतःचे हात दिसेनात. आम्ही वळणाआड त्यांच्या आकाशबाणाची वाट पाहत बसलो, ते त्यांच्या वळणाआड आमच्या. मधे एक शेत मावेल एवढी मोकळी जागा. संध्याकाळी दोन्ही गावे शिव्या देत घरी गेली. आम्ही म्हणालो, ते आलेच नाहीत. ते म्हणाले, गुआरासिकावालेच आले नाहीत. पुढच्या वर्षी कोणीच निघाले नाही. त्यानंतर कोणाला निघावेसे वाटले असेल तर त्याने ते बोलून दाखवले नाही.

मग गेल्या पावसाळ्यात राजधानीहून बेरेनिसे नावाच्या बाई आल्या. त्या सांस्कृतिक खात्याच्या. त्यांनी सान गास्पारची मूर्ती निरखून पाहिली, फोटो काढले, आणि स्पष्ट शब्दांत सांगितले की मूर्ती फार जुनी आहे, तिला कीड लागते आहे. ज्या मूर्ती मिरवणुकीत वापरात आहेत त्या गावातच ठेवायच्या, असा खात्याचा नियम. ज्या नुसत्या उभ्या आहेत त्या संग्रहालयात न्यायच्या. यामालुआच्या सांता इनेसबद्दलही त्यांनी तेच सांगितले होते.

"जानेवारीत मी खिंडीत येईन," त्या म्हणाल्या. "भेट झाली तर मी रिकाम्या हाती परत जाईन. आणि खरं सांगू? मला तसंच जायला आवडेल."

बाई वाईट नव्हत्या. त्यामुळे त्यांच्यावर चिडायचीही सोय राहिली नाही.

त्या वर्षी सान गास्पारची मानकरीण होती दोन्या, म्हणजे बाईसाहेब, ओबदुलिया मानुएलेस. आमच्याकडे संत वर्षभर मानकऱ्याच्या घरी राहतो, चर्चमध्ये फक्त सणाला जातो. ओबदुलिया बटाट्याची व्यापारीण. आवाज असा, की बाजारात तिने भाव सांगितला की दोन गल्ल्या पलीकडची बाई आपला भाव उतरवते. तिने मूर्तीसाठी घरातली पुढची खोली रिकामी केली आणि स्वतः मागे, पोत्यांमध्ये झोपू लागली. बेरेनिसेबाई जाऊन आठवडाही झाला नसेल, तिने गावसभा बोलवायला लावली.

सभेत वरच्या बाकावर डॉन सेलेदोनियो बसला होता. तो गावचा काठीचा मानकरी. चांदीच्या मुठीची ती काठी ज्याच्या हातात, त्याचा शब्द गावात शेवटचा. ओबदुलियाने त्याच्या मुलाला बाप्तिस्म्याच्या वेळी हातांवर धरले होते, म्हणून तो तिला कोमाद्रे म्हणे आणि ती त्याला कोंपाद्रे. हे नाते सख्ख्यापेक्षा घट्ट आणि भांडणाला जास्त सोयीचे.

"आपण आधी जायचं," ओबदुलिया म्हणाली. "खिंडीत उभं राहायचं. ते आले की नमस्कार. संपलं."

"कोमाद्रे, संत म्हणजे काय बसची वाट बघणारा उतारू आहे?"

"नऊ वर्षं कोपऱ्यात उभाच आहे की. तिथं कोणाची वाट बघतोय, तुमच्या वडिलांची?"

लोक हसले. सेलेदोनियोने काठी जमिनीवर आपटली.

"आपण मूळ गाव आहोत. मूळ गाव वाट बघत नाही. उद्या ते म्हणतील, गुआरासिकावाले आले नाक घासत."

"आणि संत राजधानीला गेला तर काय म्हणतील?"

"तर त्यांचीही जाईल. बरोबरी झाली."

"बरोबरी!" ओबदुलिया उभी राहिली. "तुमचं घर जळलं तर शेजाऱ्याचंही जळतंय का बघून मग झोपणार तुम्ही? माझ्या खोलीतून ती मूर्ती पेटीत घालून नेतील, आणि मी दारात उभी राहून काय सांगू गावाला? बरोबरी झाली म्हणून?"

ढोलकरी चोन मधेच म्हणाला, "निदान आकाशबाण तरी आधी सोडू या. माणसं मागं, आवाज पुढं."

"आवाजही पुढं जाणार नाही," सेलेदोनियो म्हणाला. हात वर करायला सांगितले तेव्हा पुरुषांचे हात त्याच्या बाजूने गेले. बायकांना कोणी विचारले नाही. ठरले असे: पालखी नेहमीप्रमाणे वळणापर्यंत न्यायची, तिथे थांबायचे, यामालुआवाले दिसले तरच बाहेर पडायचे. ओबदुलिया काही न बोलता बाहेर पडली. तिला ओळखणाऱ्यांना तेव्हाच धास्ती वाटायला हवी होती.

सणाच्या सकाळी पुरुष नवे सदरे घालून, निशाणे, नाचाचे मुखवटे आणि ढोल घेऊन तिच्या दारात आले तेव्हा पुढची खोली उघडी होती. मेणबत्त्या विझवलेल्या, पाइनच्या पानांचा गालिचा विस्कटलेला आणि मखर रिकामे. अंगणात एक कोंबडी आणि ओबदुलियाचा बहिरा सासरा.

"कुठं गेली?" सेलेदोनियो ओरडला.

"हो, गेली," सासरा म्हणाला.

"संत कुठं आहे?"

"बायकांबरोबर." म्हाताऱ्याने डोंगराकडे बोट केले. "मोठे हंडेही नेलेत. मला दुपारचं काय, ते कोणी सांगितलं नाही."

पुरुष धावत सुटले. नव्या बुटांनी चिखलातून डोंगर चढताना गावाचा मान राखणे अवघड असते. चोनचा ढोल प्रत्येक उडीला आपोआप वाजत होता आणि सेलेदोनियो प्रत्येक वेळी मागे वळून म्हणत होता, "वाजवू नको!"

खिंडीत पोहोचल्यावर त्यांना काय दिसले? सान गास्पार मोकळ्या जागेच्या बरोबर मधे, पालखीसकट एका सपाट खडकावर बसवलेला. त्याच्यापुढे तीन दगड मांडून चूल पेटवलेली. चुलीवर मोठा हंडा, त्यात मक्याच्या पानांत गुंडाळलेले घेवड्याचे तामाल वाफेवर ठेवलेले. दुसऱ्या निखाऱ्यांवर आतोलचे, म्हणजे मक्याच्या गोड पेजेचे, पातेले. गावातल्या निम्म्या बायका, डोक्याला लाल-पिवळे रुमाल, कोणी पीठ मळते आहे, कोणी पाइनची राळ भरलेली ढलपी जाळात सारते आहे. पालखी त्यांनीच खांद्यावर आणली होती. ओबदुलियाची सून फ्लोरिदाल्मा खांदा चोळत बसली होती. एका बाजूला सरकारी जीप आणि तिच्या पायरीवर बसून बेरेनिसेबाई आतोल फुंकून पीत होत्या.

पुरुष वळणाच्या पुढे आले नाहीत. सवयीने पाय तिथेच अडले. एकटा सेलेदोनियो वाकून, जणू त्यामुळे यामालुआला तो दिसणार नव्हता, चुलीपर्यंत आला.

"कोमाद्रे, मूर्ती उचला. मागं घ्या. ते बघत असतील."

"बघू देत."

"आपण आधी आलेले दिसतोय!"

"आलोच आहोत आधी. जरा सरका, धूर अडतोय."

"सगळ्या गावाची अब्रू घालवलीत."

"अब्रू हंड्यात आहे, कोंपाद्रे. शिजू दे तिला. झाकण काढलं की वाफ जाते."

सेलेदोनियोने काठीवर हात घट्ट केला. पण मूर्ती उचलायची तर माणसे लागणार, माणसे वळणाआड होती आणि बायका पीठ लागलेल्या हातांनी त्याच्याकडे पाहत होत्या. तो मागे जाऊन एका झुडपाशेजारी उभा राहिला. धड लपलेला नाही, धड बाहेरही नाही.

वारा त्या दिवशी आमच्या बाजूने होता. धूर आणि तामालांचा वास धारेवरून पलीकडे उतरत होता, आणि पलीकडच्या वळणाआड काय चालले असेल ते आम्हाला ठाऊक होते. तेही आले असणार. सांता इनेसलाही तीच संग्रहालयाची पेटी ठरलेली होती. तेही बसले असणार, मान राखत.

बराच वेळ काही झाले नाही. धुक्याचा एक लोट आला आणि सरला. फ्लोरिदाल्मा हळूच म्हणाली, "आई, नाही आले तर?"

"तर जेवून घेऊ," ओबदुलिया म्हणाली. पण तिने संताच्या झग्याची कड विनाकारण दोनदा सरळ केली. बेरेनिसेबाईंकडे तिने त्यानंतर पाहिले नाही.

मग पलीकडच्या वळणावर एक टोपी दिसली. टोपीखाली डॉन तिबुर्सियो, यामालुआचा काठीचा मानकरी. एकटाच आला, रमतगमत, जणू कोणाचे चुकलेले वासरू शोधतो आहे. दहा हातांवर थांबला.

"सुप्रभात. कोणाची वाट बघताय, दोन्या ओबदुलिया?"

आमच्या वळणाआड माणसे एकमेकांच्या खांद्यांवरून पुढे वाकली. नऊ वर्षे आम्ही याच प्रश्नाला घाबरत आलो होतो.

"वाट?" ओबदुलियाने डाव हंड्याच्या कडेवर ठोकला. "कोणाची नाही. स्वयंपाक चाललाय."

"संताला घेऊन?"

"घरधनी नको का चुलीपाशी? तुमच्याकडं घरधन्याला बाहेर बसवायची रीत असेल."

"घर?" तिबुर्सियोने इकडेतिकडे पाहिले. वारा, खडक, गवत. "कोणाचं घर आहे हे?"

"ज्याची चूल त्याचं."

तिबुर्सियोने चुलीच्या तीन दगडांकडे पाहिले. ही रीत दोन्ही गावांची एकच आहे, त्यामुळे ती त्याला नाकारता येणार नव्हती. आमच्याकडे लग्न झालेला मुलगा वेगळा राहू लागला असे आपण कधी म्हणतो? भिंती उभ्या राहिल्यावर नाही, छप्पर घातल्यावर नाही. सुनेने तीन दगड मांडून पहिला जाळ केला की. चूल पेटली की घर झाले, आणि ज्याच्या घरी चूल पेटली तो कोणाची वाट पाहत नसतो. तो आपल्या घरी असतो. येणारा येतो तो पाहुणा. वळणाआड चोनने हे सर्वात आधी ओळखले आणि तोंडावर हात दाबून हसू लागला. सेलेदोनियो झुडपाशेजारून एक पाऊल पुढे आला.

"या ना," ओबदुलिया म्हणाली. "पाहुण्याला तामाल आहेत. सांता इनेसलाही घेऊन या. उन्हात का उभी केलीत बिचारीला?"

"ही खिंड अर्धी आमची आहे," तिबुर्सियो म्हणाला.

"असेल. त्या अर्ध्यात धूर दिसत नाही."

तिबुर्सियोचा चेहरा लाल झाला. तो वळला आणि आला होता त्यापेक्षा बऱ्याच घाईने निघून गेला.

"गेला," सेलेदोनियो म्हणाला. "झालं समाधान? अपमान करून पाठवलात."

बेरेनिसेबाईंनी कप खाली ठेवला. फ्लोरिदाल्माच्या डोळ्यांत पाणी आले होते. ते धुराचे नव्हते. ओबदुलियाने त्यांच्याकडे वळूनही पाहिले नाही. ती पलीकडच्या वळणाकडे पाहत राहिली, आणि तिचा हात डावासकट हवेत तसाच राहिला.

आधी कुऱ्हाडीचा आवाज आला. मग दुसऱ्या कुऱ्हाडीचा. मग कोणीतरी ओरडले, "दगड! दगड मोठे घ्या!" आणि मग एकदम आकाशबाण. तो आमच्या डोक्यावर फुटला. यामालुआ गाव पळत बाहेर आले. पुढे सहा तरुण, दोघे दोघे मिळून एकेक दगड पोटाशी धरून. मागे लाकडांच्या मोळ्या, कॉफीची किटली, गुळाच्या ढेपा, पावांच्या टोपल्या, बायका, कुत्री. त्यांच्या मागे, डुलत, फुलांनी भरलेली सांता इनेसची पालखी, आणि पालखीशेजारी काठी उंच धरलेला तिबुर्सियो.

"इथं!" तो ओरडला. "आमच्या अर्ध्यात! मांडा!"

त्यांनी आमच्या चुलीपासून हाकेच्या अंतरावर नाही, हाताच्या अंतरावर दुसरी चूल मांडली. जाळ केला. किटली चढवली. मग तिबुर्सियो घाम पुसत ओबदुलियासमोर आला.

"या दोन्या, बसा," तो म्हणाला. "आमच्या घरी आला आहात. कॉफी घ्या."

"अगोदर तुम्ही तामाल खा. आमच्या घरी तुम्ही आलात."

"कॉफी थंड होईल."

"तामालही थंड होतील."

पुढे जे झाले त्याला भांडण म्हणावे की मेजवानी, यावर अजून एकमत नाही. यामालुआच्या बायका आमच्या पुरुषांच्या हातांत जबरदस्तीने पाव कोंबत होत्या. आमच्या बायका त्यांच्या ढोलकऱ्याच्या तोंडाशी तामाल नेत होत्या. त्याला ना वाजवता येत होते ना बोलता. आमचे पुरुष वळणाआडून कधी बाहेर आले ते कोणाच्या लक्षातही आले नाही. एक म्हातारी ओरडत होती, "पाहुण्यानं नाही म्हणायचं नसतं!" आणि समोरची तितक्याच जोरात, "मग तूच खा की, पाहुणी!" बेरेनिसेबाईंच्या दोन्ही हातांत दोन गावांचे खाणे होते आणि त्या दोन्हीकडे पाहून मान डोलावत होत्या.

पण नमस्कार अजून झाला नव्हता. आणि नमस्काराशिवाय भेट नाही, हे दोन्ही गावांनाही माहीत होते आणि बेरेनिसेबाईंनाही.

दोन्ही पालख्या समोरासमोर आणल्या. आमची पालखी उचलायला पुरुष पुढे झाले, तर फ्लोरिदाल्माने त्यांना कोपराने मागे सारले. "आणली आम्ही, वाकवूही आम्हीच." सेलेदोनियो आणि तिबुर्सियो काठ्या घेऊन मधे उभे राहिले. ढोल थांबले. आणि दोघेही तसेच उभे राहिले, कारण मूळ गावाचा संत नंतर वाकतो, ही जुनी समजूत. दरवर्षी ढोलांच्या गोंधळात ते कसेतरी निभावून जायचे. आज ढोल बंद होते आणि सगळे बघत होते.

सेलेदोनियो तिबुर्सियोकडे पाहत होता. तिबुर्सियो सेलेदोनियोकडे. बायकांचे खांदे भरून आले होते. आमची पालखी थोडी थरथरू लागली.

"अहो मानकरी," ओबदुलिया पालखीच्या पुढच्या दांड्याखालून म्हणाली, "एक सांगा दोघं. आज यजमान कोण?"

"आम्ही," सेलेदोनियो म्हणाला.

"आम्ही!" तिबुर्सियो म्हणाला. "चूल पेटली आहे, बघा."

"नक्की ना? दोघंही?"

"नक्की."

"मग पाहुणा दारात आला की आधी हात कोण जोडतं? यजमान की पाहुणा?"

दोघांनीही आपापल्या चुलीकडे पाहिले. यजमान आधी वाकतो, हे या डोंगरातले शेंबडे पोरही सांगेल. आणि यजमानपण तर दोघांनीही आत्ताच, सगळ्यांसमोर, छातीठोकपणे मागून घेतले होते. तिबुर्सियोच्या मिशा आधी हलल्या. मग सेलेदोनियोने खाली पाहिले. मग चोनने, कोणी न सांगता, ढोलावर काठी मारली.

सान गास्पार आणि सांता इनेस एकाच थापेला वाकले. दुसऱ्या थापेला पुन्हा. तिसऱ्या वेळी बायका इतक्या खाली गेल्या की संताच्या हातातली धुपाची छोटी पेटी गवताला टेकली. वर उठताना फ्लोरिदाल्माने जी किंकाळी मारली ती आनंदाची होती की खांद्याची, ते तिलाच ठाऊक. सगळे आकाशबाण एकदम सुटले. मुखवटेवाले नाचू लागले. मागच्या भेटीला जी पोरे जन्मलीही नव्हती ती आयांच्या हातांतून सुटून पालख्यांच्या मधून धावली. सेलेदोनियो आणि तिबुर्सियोने काठ्या एकमेकींना टेकवल्या आणि तशाच धरून ठेवल्या, कारण सोडल्या असत्या तर डोळे पुसावे लागले असते.

बेरेनिसेबाई ओबदुलियाकडे आल्या. "दोन्या, मूर्ती वापरात आहे असं लिहू ना?"

"वापरात?" ओबदुलियाने दांडा यामालुआच्या तरुणांच्या खांद्यावर सोपवला आणि स्वतःचा खांदा दाबला. "बाई, हा आता आठ दिवस जेवायला निघालाय. त्याला शोधायचं असेल तर खाली या."

बाईंनी लिहिले. मग जीपमध्ये बसायचे सोडून त्याही मिरवणुकीत चालू लागल्या.

सान गास्पार धार ओलांडून पलीकडे उतरू लागला. यामालुआची माणसे पालखी इतकी जपून नेत होती, की सेलेदोनियोला ते सहन होईना. "अरे उचला जरा, अंडी नाहीत ती!" असे तो मागून ओरडत होता. तिबुर्सियो त्याला सांगत होता की कोंपाद्रे, या बाजूचा रस्ता आमच्या बाजूच्या माणसांनाच कळतो. दोघांचे वाद उतारभर चालले, आणि दोघांनीही एकमेकांचा हात धरला होता, कारण चिखल खरोखरच निसरडा होता.

गावाच्या वेशीशी पोहोचायच्या आधीच यामालुआच्या चर्चची घंटा वाजू लागली. दोरीला कोण होते कुणास ठाऊक. आम्ही चौकात आलो, संताला सांता इनेसशेजारी बसवले, मेणबत्त्या लावल्या, जेवणाच्या पंगती बसल्या, तरी ती वाजतच होती. तिबुर्सियो म्हणाला, पुरे करायला सांगू का? ओबदुलिया म्हणाली, "नको. आमच्या गावापर्यंत ऐकू जाऊ दे."